बोटीच्या गाण्यातली कापलेली ओळ

आमच्या भागात एक गाणं आहे. ते वाजून संपलं की ऐकणारे लोक एक ओळ तोंडाने म्हणतात. ती ओळ मूळ कॅसेटवर नव्हती आणि नंतर निघालेल्या कोणत्याही प्रतीत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये, गणपतीच्या मिरवणुकीत, क्रिकेटच्या सामन्यांच्या मंडपात गिटार थांबते, एक क्षण जातो आणि लोक म्हणतात. तरुण पोरांना विचारलं तर ती सांगतात, तशी पद्धत आहे. पद्धत कशी पडली हे ठाऊक असलेले आम्ही दोन-तीन जण उरलो आहोत. ती ओळ गाण्यातून मी कापली होती.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी रत्नागिरीतल्या एका छोट्या दैनिकात उमेदवारी करत होतो. चार पानं, खिळे जुळवून छपाई. संपादकांनी पहिल्याच आठवड्यात एक नियम शिकवला. बातमीत महत्त्वाचं वर लिहायचं, बिनमहत्त्वाचं खाली, आणि जागा कमी पडली की खालून कापायचं. "शेपूट कापलं म्हणून बैल मरत नाही," असं ते म्हणायचे. वर्षभरात माझा हात त्यात बसला. भाषणं, शोकसभा, बक्षीस समारंभ, समोर येईल ते मी चार ओळींत आणायचो आणि काही बिघडायचं नाही.

माझ्या खोलीत आयटीआयला शिकणारा एक मुलगा राहायचा. हेदवीच्या अलीकडच्या एका गावचा, खाडीपलीकडचा. त्याचा थोरला भाऊ बोटीवर होता. आमच्याकडे लहान होडीपासून तेलाच्या जहाजापर्यंत सगळ्याला बोटच म्हणतात. थोरला तेलाच्या जहाजावर, इंजिनखात्यात. त्याने परदेशातल्या कुठल्याशा बंदरातून धाकट्यासाठी एक विजेची गिटार आणली होती, दोन कॅसेटी एकदम चालणारा टेपरेकॉर्डर आणला होता आणि गोऱ्या पोरांच्या बँडच्या काही कॅसेटी. रॉक हा शब्द आम्ही त्या कॅसेटींच्या पाठीवर पहिल्यांदा वाचला. धाकटा त्या ऐकून ऐकून वाजवायला शिकला. तो गायचाही. पुढे मी त्याला गाणारा म्हणतो.

दुसरा होता एक रेडिओ दुरुस्त करणारा. त्याने जुन्या रेडिओच्या पोटातून गिटारीसाठी अँप्लिफायर बनवला आणि लग्नाच्या बँडपथकातला एक फुटका साइड ड्रम शिवून घेतला. बँड या दोघांचा. मी वाजवत नव्हतो. टेप चालू-बंद करणं आणि शब्दांवर हात फिरवणं माझ्याकडे होतं.

त्या वर्षी शिमग्याला आम्ही तिघे गाणाऱ्याच्या गावी गेलो. जयगडपर्यंत एसटी, मग तरीने, म्हणजे उतारूंच्या होडीने, खाडी ओलांडायची, मग पुन्हा एसटी. टेपरेकॉर्डर रेडिओवाल्याने मांडीवर घेतला होता. गावात पालखी घरोघर फिरते. घराच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, ती टेकली की गुरव त्या घरासाठी गाऱ्हाणं घालतो, म्हणजे त्या घरची अडचण देवाला मोठ्याने सांगतो आणि ती दूर करायला सांगतो. त्याच्या प्रत्येक मागणीला जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. ते म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पोचत नाही.

तेव्हा आखातात दोन देशांचं युद्ध चालू होतं आणि तेलाच्या जहाजांवर हल्ले व्हायचे. थोरला त्याच पाण्यात होता. तो घरी नव्हता म्हणून त्याच्या आईने त्याचा धुतलेला शर्ट हातावर घेतला होता. आम्ही तिला काकी म्हणायचो. पोस्टमन आला की त्याने गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, बाहेरूनच "पत्र" असं ओरडायचं, हा तिने घालून दिलेला नियम होता. न ओरडता तो आत आला तर तार आहे असं ती धरणार होती. तो कधीही विसरला नाही.

"गुरवकाका, जरा यंत्राच्या जवळ येऊन बोला," रेडिओवाला म्हणाला.

"देव एवढा लांब, त्याला ऐकू जातंय. तुज्या डब्याला न्हाय जात?"

"डब्याला कान एकच हाय, काका."

"मंग दोन कानांचा आनायचा. बोटीवरच्या मानसाला काय कमी?"

खळ्यात हशा झाला. मग गुरवाने डोळे मिटले आणि सगळे गप्प झाले. त्याने घातलेलं गाऱ्हाणं असं होतं: या घरचा पोर दर्यात हाय. त्याच्या बोटीवर कुनाची वाकडी नजर आसंल, त्याची वाट कुनी आडवली आसंल, तर ती नजर, ती आडवन तुज्या पायाखाली घे, नि पोराला उंबऱ्यात आन रे म्हाराजा. तीसेक माणसांनी एकदम म्हटलं, "व्हय म्हाराजा." त्यात काकीचा आवाज सगळ्यांच्या वर होता, बारीक आणि धारदार.

गाणं आम्ही रत्नागिरीत केलं, रेडिओच्या दुकानात, रविवारी दुपारी, शटर ओढून. गाणाऱ्याने भावासाठी शब्द लिहिले होते. तुझी गिटार माझ्या मांडीवर, तू कुठल्या बंदरावर, असे. मधे मधे टेपवरचं गाऱ्हाणं वाजवायचं, ही कल्पनाही त्याचीच.

"लांबतंय," रेडिओवाला ड्रम थांबवून म्हणाला. "चार ठोक्यांत 'व्हय' आलं पायजे. म्हातारा सतरा ठोके घेतोय. ठेका मरतोय."

"मग काय करायचं?" गाणाऱ्याने विचारलं.

"हा पेपरवाला कशाला ठेवलाय? काप रे."

मी कापलं. एका बाजूने गुरवाची टेप सोडायची, दुसऱ्या बाजूला भरून घ्यायची, नको ते आलं की बटण दाबून थांबायचं. तासाभराचं काम. पीडेचे सुरुवातीचे तुकडे ठेवले, शेपूट काढलं आणि शेवटचं तेच 'व्हय' प्रत्येक तुकड्यामागे जोडलं. राहिलं ते असं:

पोर दर्यात हाय. व्हय म्हाराजा.

बोटीवर वाकडी नजर. व्हय म्हाराजा.

वाट आडवली. व्हय म्हाराजा.

त्यानंतर गिटार सुटायची. ऐकताना अंगावर काटा यायचा आणि तो गाण्याचा गुण आहे असं आम्ही समजलो.

गाणारा एकदाच म्हणाला, "अर्धं वाटतंय रे."

"मुद्दा आलाय. पुरे," मी म्हणालो.

गाऱ्हाण्यात मुद्दा शेवटी असतो. वर सांगितलेली असते ती नुसती पीडा. हे आम्हा तिघांनाही लहानपणापासून माहीत होतं. त्या दुपारी एकालाही आठवलं नाही.

गाण्याला नाव नव्हतं, कंपनी नव्हती. कोऱ्या कॅसेटींवर आम्ही काही प्रती भरल्या आणि ओळखीच्यांना दिल्या. एसटी स्टँडजवळ गाणी भरून देणारं एक दुकान होतं, त्याने एक प्रत ठेवून घेतली. त्यानंतर ते आमच्या हातात राहिलं नाही. लोक त्याला बोटीचं गाणं म्हणू लागले. आंब्याच्या दिवसांत ते रिक्षांतून वाजत होतं, पेट्या भरायच्या मांडवांतून वाजत होतं, आंबा घेऊन मुंबईला जाणाऱ्या ट्रकांतून वाजत होतं. कॉलेजच्या पोरांना "व्हय म्हाराजा" आवडलं. टेपवरच्या गुरवामागोमाग, गिटारीच्या आधी, सगळ्यांनी मिळून ओरडायचं. मारुती मंदिराजवळच्या एका हॉटेलात मी ते स्वतः ऐकलं. आतली माणसं हातात कप धरून ओरडत होती. वाट आडवली. व्हय म्हाराजा.

मिरकरवाड्याच्या धक्क्यावर वेगळं घडलं. मासळीच्या लिलावाची बातमी आणायला गेलो होतो. एका ट्रॉलरवर खलाशी पोराने टेप लावली. पहिल्या "व्हय"ला तांडेल, म्हणजे त्या बोटीचा मुख्य, जाळं टाकून उठला आणि त्याने टेप बंद केली.

"कोन व्हय बोलला?" त्याने विचारलं.

"गानं हाय, तांडेल."

"गानं आसूं दे. माज्या बोटीवर व्हय कोन बोलला?"

तांडेलाने कॅसेट काढून त्याच्या खिशात कोंबली आणि त्याला धक्क्यावर उतरवलं. ती टेप मी केली आहे हे मी सांगितलं नाही. लिलावाचे भाव लिहून घेतले आणि परत आलो. गाणाऱ्यालाही हे कळवलं नाही.

त्या काळी रेडिओवर छोट्या वर्तमानपत्रांसाठी सावकाश वाचलेलं बातमीपत्र लागायचं. वाचणारा प्रत्येक तुकडा दोनदा म्हणायचा, विरामचिन्हंसुद्धा सांगायचा, आणि आम्ही उतरवून घ्यायचो. जुलैतल्या एका दुपारी ते काम माझ्याकडे होतं. बाहेर पाऊस होता आणि आवाज फाटत होता. आखातात, त्याने म्हटलं. आखातात. एका तेलवाहू जहाजावर. मी लिहिलं आणि पेन्सिल कागदावर टेकवून थांबलो. एका तेलवाहू जहाजावर. स्वल्पविराम. दोन तुकड्यांमधल्या त्या वेळेत काहीही करता येत नाही. पुढचा शब्द कुठेतरी आधीच लिहिलेला आहे आणि तो आपल्यापर्यंत यायचा आहे, एवढंच कळतं. हल्ला झाला. आग लागली. जहाजाचं नाव सांगितलं नाही, ध्वज कोणत्या देशाचा ते सांगितलं. थोरल्याच्या जहाजावर तोच ध्वज होता. शेवटचं वाक्य: खलाशांमध्ये काही भारतीय असल्याचे समजते. पूर्णविराम.

मी कागद संपादकांपुढे ठेवला. त्यांनी वरून खाली पाहिलं.

"एवढी जागा नाही. शेवटचं वाक्य काढ."

मी काढलं. काढताना बरं वाटलं, हेही नोंदवतो. आमचं वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी खाडीपलीकडे पोचायचं आणि त्यात ते वाक्य नसणार होतं.

गाणाऱ्याला मात्र संध्याकाळी सांगितलं. तो गिटारीच्या तारा पुसत होता. पुसायचा थांबला नाही.

"नाव न्हाय दिलं?"

"नाही."

"मंग आयला सांगू नको."

दुसऱ्या दिवशी कचेरीतून मुंबईच्या एजंटाला ट्रंककॉल लावला. एजंट म्हणजे खलाशांना जहाजांवर पाठवणारा. दुपारी लावलेला कॉल दिवे लागताना मिळाला. पलीकडचा माणूस म्हणाला, यादी आलेली नाही. आठवड्याने पुन्हा लावला, पुन्हा तेच. मधे थोरल्याचं एक पत्र गावी पोचलं. ते हल्ल्याच्या आधी टाकलेलं होतं. पत्र यायला तीन आठवडे लागायचे. त्यातून तीन आठवड्यांपूर्वीचा माणूस कळायचा, आजचा कळायचा नाही. काकीने ते पत्र देवाच्या फळीवर ठेवलं. गाणारा गावाहून परत आला तेव्हा म्हणाला, "आय हसत व्हती."

याच काळात गाणं सगळ्यात जास्त वाजत होतं. आमच्या खोलीखाली रिक्षांचा थांबा होता. पहिला ठोका ऐकला की गाणारा खिडकी लावून घ्यायचा. खिडकी लावली तरी "व्हय" आत यायचंच. आम्ही दोघेही तेवढ्यापुरते श्वास धरून असायचो आणि तसं करतोय हे एकमेकांना दाखवत नव्हतो.

गणपतीला चार दिवस असताना काकी कचेरीत आली. एकटी, तरीने खाडी ओलांडून, दोन एसट्या बदलून. मुंबईहून आलेल्या शेजारच्या पोराने आदल्या संध्याकाळी गाणं लावलं होतं. ती बाकावर बसली नाही.

"ती टेप हाय काय हितं?"

"आहे, काकी."

"लाव."

मी लावली. तिने पूर्ण ऐकली आणि पुन्हा लावायला सांगितली. दुसऱ्या वेळी पहिल्या "व्हय"ला तिने हात वर केला. मी थांबवली.

"हा माजा आवाज हाय."

"हो."

"मी कशाला व्हय म्हटलंय?"

मी कॅसेट काढून हातात घेतली.

"गुरव बोलला, पायाखाली घे. बोलला, उंबऱ्यात आन. त्याला मी व्हय म्हटलं. हितं वाट आडवली त्याला मी व्हय म्हनतंय. माज्याच पोराची वाट आडवली नि मीच व्हय म्हनतंय. ते पन रोज. रिक्षात, हाटेलात, लोकांच्या पोरांच्या तोंडानं."

संपादक त्यांच्या टेबलावरून म्हणाले, "बाई, गाणं आहे ते. गाण्याने काही होत नाही."

"तुमाला पोरां हायत?"

"आहेत. दोन."

"मंग त्यांची नावां घाला त्यात, नि लावा."

संपादकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"किती टेपी हायत आशा?" तिने मला विचारलं.

"सांगता येत नाही."

"आदमासं?"

मी तिला समजावून सांगितलं. एकाची दुसरा भरून घेतो, दुसऱ्याची तिसरा, दुकानात कोणीही भरून घेतं, ट्रकवाले मुंबईला नेतात. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे तुमी सोडलंत, नि कुटं गेलं ते तुमालाच ठावं न्हाय."

"नाही."

"बोटीवर आग लागलेली मना ठावं हाय," ती म्हणाली. "जयगडच्या बायका तरीवर बोलत व्हत्या. आपली मानसां व्हती त्यात, ते तू पेपरात घातलं न्हायस, ते पन कललं. त्याचं न्हाय मी बोलत."

त्याच दिवशी ती गाणाऱ्याला आणि मला घेऊन गावी परतली. रेडिओवाला दुसऱ्या दिवशी आला. गुरव त्याच्या घरच्या गणपतीची आरास बांधत होता. त्याने टेप ऐकायला नकार दिला. काय कापलं तेवढं मला तोंडाने सांगायला लावलं. मी सांगितलं.

"आर्ध्या शेतात नांगर टाकून बैल सोडलास," तो म्हणाला.

"आता काय करायचं, काका?" गाणाऱ्याने विचारलं.

"देवलात बसून हुयाचं न्हाय. तोंडानं सुटलंय ते तोंडानंच मिटवायचं. जिथं जिथं वाजंल तिथं जायाचं नि शेवट म्हनायचा. मी म्हनून चालनार न्हाय. ज्यानं कापला त्यानं म्हनायचा. नि ज्यांनी व्हय म्हटलंय त्यांनी पुना व्हय म्हनायचं."

"सगळीकडे?" मी विचारलं.

"तू कापताना इचारलंस, कुटं कुटं?"

गौरी-गणपतीचे सात दिवस आम्ही तिघे फिरलो. मुंबईचे चाकरमानी घरी आलेले, त्यांच्याबरोबर कॅसेटीही आलेल्या, त्यामुळे शोधावं लागत नव्हतं. वाडीच्या तोंडाशी उभं राहिलं की कुठल्या घरात वाजतंय ते ऐकू यायचं. मी वहीत गावांची यादी केली होती. गेलेल्या गावापुढे खूण करायची. घरात शिरायचं, गणपतीला नमस्कार करायचा, गाणं संपू द्यायचं आणि मग मी म्हणायचं: ती नजर, ती आडवन तुज्या पायाखाली घे, नि पोराला उंबऱ्यात आन रे म्हाराजा.

पहिल्या घरी मी ओळ नुसती पुटपुटलो आणि ती पुन्हा म्हणावी लागली. दुसऱ्या घरी एक तरुण चाकरमानी दारात आडवा उभा राहिला.

"काय रे, मतां मागायला आलाव काय?"

"न्हाय. गान्याचा शेवट ऱ्हायलाय, तो म्हनायचाय," रेडिओवाला म्हणाला.

"गान्याचा शेवट? उद्या लग्नाचा उकाना घेऊन याल."

आत त्याची आजी भाजी चिरत होती. तिने विळी आडवी केली आणि विचारलं, कसला शेवट. गाणाऱ्याने सांगितलं, भाऊ बोटीवर आहे, गाऱ्हाणं त्याचं आहे, अर्धं राहिलंय. म्हातारी उठली. तिने नातवाला हाताने बाजूला केलं.

"चार दिवस व्हय व्हय करून बोंबलतोयस," ती त्याला म्हणाली. "कोनाच्या पोराच्या जिवावर बोंबलतोयस ते इचारलंस?" मग मला म्हणाली, "म्हन तू."

मी म्हटलं. घरातल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. नातवाने सगळ्यात शेवटी म्हटलं, पण म्हटलं.

पुढे समजावून सांगावं लागलं नाही. आम्ही पोचायच्या आधी बातमी पोचू लागली. चौथ्या दिवशी एका वाडीत आम्ही अजून पाणंदीत होतो, गाणं संपलं, आणि आतल्या बायकांनी आपणहून ओळ म्हटली. आम्ही तिथूनच मागे फिरलो. मिरकरवाड्याला त्या तांडेलाकडेही गेलो. "माज्या बोटीवर वाजलंच न्हाय, तर मिटवू काय?" तो म्हणाला. तरी त्याने आम्हाला चहा दिला आणि ओळ दोनदा ऐकून घेतली.

सहाव्या दिवशी वारा फार होता आणि खाडीतली तर बंद होती. खाडीच्या पलीकडच्या काठाची दोन गावं राहिली. वहीत त्यांच्यापुढे खूण नाही.

थोरल्याचं पत्र त्यानंतर नऊ दिवसांनी आलं. पोस्टमन गडग्याबाहेरून "पत्र" असं ओरडला आणि तिथेच उभा राहिला. गाणाऱ्याने पाकीट उघडून आधी तारीख पाहिली. ती हल्ल्यानंतरची होती. काकी म्हणाली, "वाच आता." त्याने पत्र माझ्या हातात दिलं, मी वाचलं. आत हल्ल्याचा एका शब्दाने उल्लेख नव्हता. पावसाचं विचारलं होतं आणि गिटारीच्या तारा हव्यात का ते विचारलं होतं.

तो दिवाळीला आला. काकीने त्याला उंबऱ्याबाहेर थांबवून तुकडा ओवाळून टाकला. चहा झाल्यावर गाणाऱ्याने चाचरत गाण्याचं सांगायला सुरुवात केली, तर थोरला म्हणाला, माहीत आहे, बोटीवर वाजतं. मुंबईहून चढलेल्या एका खलाशाने कॅसेट आणली होती. आपल्या भावाचा आवाज त्याने जेवणघरात पहिल्यांदा ऐकला.

"तिकडं पन व्हय म्हनायचे?" काकीने विचारलं.

"म्हनायचे."

"नि मंग?"

"मंग काय? आमचा खानसामा दापोलीकडचा. गानं संपलं की पली खाली ठेवायचा नि पुरं करायचा. पायाखाली घे, उंबऱ्यात आन. सगल्यांनी व्हय म्हनल्याशिवाय वाडायचा न्हाय. आर्धं कोन ठेवतो?"

काकीने हातातला कप खाली ठेवला. मला वाटलं विषय संपला. थोरला बोलतच होता. बोटी नांगरावर रांगेने थांबलेल्या असत. शेजारच्या बोटीवर आपल्याकडची दोन माणसं होती. ती होडीने सामान न्यायला आली तेव्हा त्यांनी कॅसेट ऐकली आणि भरून घेतली. पंधरा दिवसांनी आग लागली ती त्या बोटीला. दोघांतला एक वाचला.

"त्येनी शेवट म्हटलावता?" काकीने विचारलं.

"मी काय त्यांच्या बोटीवर व्हतो?"

"जो गेला तो कुनाचा?"

थोरल्याने गावाचं नाव सांगितलं. काकीने माझ्याकडे पाहिलं. वही माझ्या पिशवीत होती, पण काढायची गरज नव्हती. खाडीपलीकडच्या काठाच्या, राहून गेलेल्या दोन गावांपैकी ते एक होतं.

तारखा स्पष्ट आहेत. आग जुलैत लागली, आम्ही फिरलो भाद्रपदात. त्या गावी गेलो असतो तरी काही बदललं नसतं. कॅसेट भरून घेणं आणि आग लागणं यांचा संबंध लावायला कोणताही आधार नाही. कोणी तशी बातमी आणून दिली असती तर मी ती छापू दिली नसती. हे मी काकीला सांगितलं. ती म्हणाली, "बरोबर हाय. उद्या जाऊन या."

गाणारा आणि मी गेलो. त्या घरी त्या वर्षी गणपती आणला नव्हता, दिवाळीचा कंदीलही नव्हता. गेलेल्या माणसाचा बाप पडवीत जाळं विणत होता. गाणाऱ्याने सगळं सांगितलं, कापण्यासकट. म्हाताऱ्याचे हात चालू होते.

"कापलं कोनी?"

"मी," मी म्हणालो.

"म्हन बगू शेवट."

मी म्हटलं. पडवीत आम्ही तिघेच होतो, "व्हय" कोणी म्हटलं नाही.

"हे आदी म्हनायचं आसतं," तो म्हणाला.

"हो."

त्याने एक गाठ मारली आणि दोरा दाताने तोडला. "मंग म्हनत ऱ्हा," तो म्हणाला. "कुटं वाजलं तर गप बसू नको. नि दुसऱ्याला पन बसू देऊ नको."

बँड त्यानंतर वर्षभरात मोडला. गाणारा नोकरीला लागला, गिटार भिंतीवर गेली. गाणं मात्र राहिलं. नमनाचे खेळ करणाऱ्या मंडळांनी ते घेतलं, ऑर्केस्ट्रावाल्यांनी घेतलं, पुढे कोणीतरी त्यावर यंत्राचे ठोके चढवले. गुरव वारला, काकी वारली. "व्हय म्हाराजा" मधला तिचा आवाज नव्या प्रतींतही वर ऐकू येतो.

मागच्या वर्षी रत्नागिरीत एका लग्नाला गेलो होतो. जेवणाआधी ते लागलं. डीजेने ते मध्येच कापून दुसरं चढवायला घेतलं, तर हॉलमधून ओरडा झाला आणि त्याला थांबावं लागलं. मग ओळ म्हटली गेली. मुलं, बायका, वरपक्षाची माणसं, वाढपीसुद्धा. मी माझी ओळ हळू आवाजात आधीच म्हणून घेतो, म्हणजे बाकीचे म्हणत असताना मान वर करून बघता येतं. खांबाशी एक तरुण उभा होता, पांढरा शर्ट, कानाला फोन. त्याचं तोंड मिटलेलं होतं. मी खुर्च्यांमधून वाट काढत त्याच्यापर्यंत गेलो आणि त्याच्या दंडाला हात लावला.